ताई कशी पोहायची?

माझे मामा आयुष्यभर पाण्याकडे बघत बसले आणि त्याचा त्यांना पगार मिळाला. मी असं म्हटलं की मामी तोंडाला पदर लावून हसते आणि मामा चिडतात. "बघत बसलो नाही, राखत बसलो," असं त्यांचं म्हणणं. शहराच्या मध्यावर पालिकेचा उघडा तरण तलाव होता, तिथे ते जीवरक्षक होते. तलावाच्या लांब काठावर, बरोबर मधोमध, त्यांची उंच लोखंडी खुर्ची. शिडी चढून वर जायचं, गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, आणि एकदा बसले की सुट्टी होईपर्यंत खाली उतरायचं नाव नाही. त्यांच्या सगळ्या नोकरीत त्या तलावात एकही माणूस बुडाला नाही. ही गोष्ट ते स्वतःहून सांगत नाहीत, पण दुसरं कुणी सांगायला विसरलं तर चेहरा पाडून बसतात.

त्यांची बघण्याची एक रीत होती. हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराकडून त्यांनी ती घोटवून घेतली. खोल बाजूच्या कोपऱ्यातून नजर निघायची, पाण्यावरून सरकत उथळ बाजूला जायची आणि तशीच परत यायची. वाटेत कुठेही रेंगाळायचं नाही. "पोहतोय तो आपला नाही, थांबलाय तो आपला," असं ते बजावायचे. जो झकास हात मारतोय त्याच्यावर नजर घालवली की तेवढ्यात भलतीकडे कुणीतरी गप्प होतं. आरडाओरडा करणाऱ्याची त्यांना फारशी काळजी नसायची. ओरडायला हवा लागते, आणि हवा आहे म्हणजे डोकं पाण्याबाहेर आहे. खरा बुडणारा आवाज करत नाही. हे सगळं बरोबरच होतं, त्यात काडीचीही चूक नव्हती. फक्त झालं असं, की चांगलं पोहणारी माणसं मामांच्या डोळ्यांना दिसेनाशी झाली.

ही सवय घरीही सुटली नाही. लग्नाला गेले की कोपऱ्यातली खुर्ची पकडायचे आणि सगळ्या मांडवावरून नजर फिरवत राहायचे. नवरानवरी कशी दिसत होती ते त्यांना कधीच सांगता यायचं नाही, पण कुठली म्हातारी चक्कर येऊन पडणार आहे हे त्यांना आधीच कळायचं आणि ते पाणी घेऊन तिच्यापाशी हजर असायचे. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. मामांचेही तपासते. लांबचं या वयातही लख्ख. तक्त्यावरची शेवटची ओळ ते अशी घडाघडा वाचतात, की जणू मलाच अक्षरओळख शिकवतायत. तेव्हा दोष डोळ्यांत नव्हता, हे मी खात्रीने सांगू शकते.

त्या तलावात मीही पोहायला शिकायला जायचे. शिकले नाही, नाकातोंडात पाणी घेण्यात मात्र पटाईत झाले. त्यामुळे मामांची माझ्यावर फार नजर असायची. मी कुठल्या कोपऱ्यात गटांगळ्या खायचे, कुठला हात आधी वर यायचा, माझी पिवळी टोपी कशी एका कानावर घसरलेली असायची, हे त्यांना अजून पाठ आहे. चार माणसांत ते मला तसं करूनही दाखवतात, आणि मला लाज वाटते. लाज वाटते आणि बरंही वाटतं, खोटं कशाला बोलू? इतकं बारकाईने मला दुसऱ्या कुणी बघितलेलं नाही.

ताई माझी मामेबहीण, मामांची एकुलती एक मुलगी. ती पोहायची. कशी ते मला विचारू नका, मी तेव्हा दोन्ही हातांनी काठ धरून असायचे आणि डोळ्यांत क्लोरीन भरलेलं असायचं. पण ती भराभर बक्षिसं आणायची. सकाळच्या बॅचला एक कोच आपली पोरं घेऊन यायचे, त्यांच्यात ती सगळ्यांत पुढे होती. स्पर्धाही आमच्याच तलावावर व्हायच्या. त्या दिवशी मामा हमखास कामावर, कारण गर्दी जास्त. ताई पहिली आली हे त्यांना लाउडस्पीकरवरून कळायचं. मग ते खुर्चीतूनच शिट्टी वाजवायचे. लोकांना वाटायचं, कुणीतरी काठावर पळतंय म्हणून मामा ओरडतायत.

एकदा ताईने एक उद्योग केला. ती असेल तेरा-चौदा वर्षांची. तलावाच्या मधोमध ती थांबली, तोंड पाण्यात घातलं, हातपाय सैल सोडले आणि नुसती तरंगत राहिली. मामांनी खुर्चीवरून उडी टाकली ती थेट तिच्यापाशी. तिला काखेत धरून काठावर आणलं तर बाईसाहेब हसतायत. "बाबा, दिसले ना मी?" असं ती म्हणाली, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मामांचा चेहरा पांढराफटक पडला होता. बुडण्याचं नाटक करणाऱ्याला सगळा मोसम तलाव बंद, हा नियम होता. मामांनी तो तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, स्वतःच्या मुलीला लावला. लोक म्हणाले, माणूस असावा तर असा, घरच्यालाही सूट नाही. पुढच्या मोसमात ताई परत आली, पूर्वीपेक्षा जास्त पोहू लागली, पण असलं काही तिने पुन्हा केलं नाही. बापाला काही विचारलंही नाही.

मग शिक्षण, लग्न, दूरचं गाव. ताई तिकडेही पोहायची म्हणे. मामा निवृत्त झाले, आणि पाठोपाठ पालिकेने तलाव बुजवला. त्या जागी स्प्लॅश पॅड केलं. म्हणजे रबराची सपाट जमीन, तिच्यातून उडणारी कारंजी, आणि वर एक मोठी बादली. ती भरली की आपोआप उलटी होते आणि खाली उभी असलेली पोरं किंचाळतात. मामा एकदा बघून आले. "पायाची नखंसुद्धा बुडत नाहीत. याला राखायला माणूसच नको," असं म्हणाले.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर ताईचा व्हिडिओ कॉल आला. खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. आता हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, पोहणं कायमचं बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे तिने दूधवाला आला नाही अशा सुरात सांगितलं. मग तिची छोटी मधे घुसली. "आजोबा, आई म्हणते ती मस्त पोहायची. मी बघितलंच नाहीये. कशी पोहायची हो?" मागून ताईचा आवाज आला, "आजोबांना विचार ना. ते रोज तिथेच होते." मामा म्हणाले, "तू सुट्टीत ये, सगळं सांगतो." फोन ठेवल्यावर त्यांनी मामीकडे बघितलं आणि विचारलं, "अगं, कशी पोहायची ती?"

मामी इस्पितळात परिचारिका होती, तिची सकाळची पाळी कधी चुकली नाही. "मला काय विचारता? मी एक दिवस तरी आले होते का? तुम्ही वर बसलेले होतात!" ती म्हणाली.  मामांनी फार आठवून पाहिलं. पाण्याचा रंग आठवला, तळाच्या फुटक्या फरशा आठवल्या, माझी पिवळी टोपी आठवली. मुलगी आठवेना. पाण्यातून बाहेर आलेली, केस पिळणारी, भुकेली ताई आठवायची. पाण्यात असलेली नाही.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, "रविवारी स्कूटर काढ. आपल्याला तलाव फिरायचेत." मला वाटलं, म्हाताऱ्याला पोहायची हुक्की आली. त्यांच्या मनात वेगळंच होतं. आमचा तलाव बुजला तेव्हा तिथली माणसं शहरभरच्या तलावांवर पांगली होती. त्यांना गाठायचं, आणि आपली मुलगी कशी पोहायची ते विचारून घ्यायचं. छोटी यायच्या आत. "आणि तिला काय सांगणार, की लोकांना विचारून आलो?" मी म्हटलं. "सांगायचं काय त्यात? सांगायचं कशी पोहायची ते. कुणी बघितलं हे कोण विचारतंय?" असं म्हणून त्यांनी माझं जुनं हेल्मेट डोक्यात घातलं.

मग आमचे रविवार क्लोरीनच्या वासात जाऊ लागले. पहिल्याच तलावावर दारावरच्या माणसाने आम्हाला अडवलं. पोहायचं नाही, नुसतं बघायचंय, असं म्हणणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला कोण आत सोडेल? "आजोबा, इथे बसून बघता येणार नाही. घरी जा," तो म्हणाला. ज्यांनी उभं आयुष्य हेच केलं त्यांना हे ऐकावं लागलं. माझा पारा चढला. पण मामा म्हणाले, "बरोबर बोलतोय तो. मीही सोडलं नसतं." पुढच्या तलावावर आत जायला मिळालं, तर तिथला जीवरक्षक मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला. मामांनी त्याला असं फैलावर घेतलं, की आम्हालाच बाहेर काढलं. विचारायचं होतं ते राहूनच गेलं. एका तलावात पाणीच नव्हतं, दुरुस्ती चालू होती. दोन ठिकाणी तलावाचं स्प्लॅश पॅड झालं होतं, तिथे फक्त आया आणि ओली पोरं.

कालव्याजवळच्या तलावावर मात्र आमचे शिंपीकाका सापडले. जुन्या तलावावर रोज पोहायला येणारे, आता दात नसलेले. त्यांना ताई चांगली आठवत होती. "मला तिचे फक्त पाय माहीत आहेत," ते म्हणाले, "कारण मी कायम मागे. पण काय पाय! पाणी उडायचं नाही. नुसतं उकळी फुटल्यासारखं व्हायचं, आणि पोर पार पलीकडे." मामांना एवढा आनंद झाला, की त्यांनी काकांना दोनदा चहा पाजला. परतताना स्कूटरवर मागे बसून ते पोरासारखे घोकत होते, "पाणी उडायचं नाही. उकळी फुटल्यासारखं."

आमच्या जुन्या तलावावरच्या तिकीटबाई बागेतल्या तलावावर भेटल्या. आता त्याही निवृत्तीला आल्यात, पण खिडकीतून हात बाहेर काढून पैसे मागण्याची ढब तीच. मामांना बघून त्या उठूनच उभ्या राहिल्या. "तुमची पोर ना? वा! फार गोड होती हो. पोहतानासुद्धा माझ्याकडे बघायची. श्वास घ्यायला तोंड काढलं की नजर माझ्या खिडकीकडे. जातानाही आणि येतानाही. मी आपली हात हलवायची. तिने कधी उलटून हात केला नाही, पोहताना कसा करणार म्हणा!" मामा खूश. मीही हसले. मग त्यांनी बाईंना विचारलं, "आणि चेहरा कसा असायचा?" बाई म्हणाल्या, "आता काय सांगू? काहीतरी विचारतेय असा."

कोच भेटायला सगळ्यांत वेळ लागला. ते स्टेडियमच्या तलावावर शिकवतात आणि त्यांना बोलायला फुरसत नसते. काठावरून पोरांवर ओरडत ओरडतच ते आमच्याशी बोलले. "गुणी मुलगी. हात लांब, पकड चांगली, पाण्यात शिरताना बोटं अशी सरळ. पण हट्टी! दोन्ही बाजूंनी श्वास घे म्हणून मी घसा फोडायचो. नाही म्हणजे नाही. जाताना डावीकडेच, येताना उजवीकडेच. मी समोरच्या काठावर उभा असायचो, मला इतकी वर्षं तिच्या डोक्याची मागची बाजू दिसली. माझं तोंड आवडत नाही की काय, असं वाटायचं. आणि भिंत जवळ आली तरी मान तिकडेच. त्यात वेळ जायचा. तेवढ्यावरून वरच्या संघातली निवड हुकली तिची."

मी हेल्मेट हातात धरून तशीच उभी राहिले. तिकिटाची खिडकी आणि पाणी यांच्यामध्ये त्या तलावावर काय होतं, ते मला लख्ख आठवलं. मी मामांकडे बघितलं. ते बोटं सरळ करून बघत होते, "अशी?" म्हणून कोचना विचारत होते. त्यांच्या डोक्यात काही शिरलं नव्हतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, आणि सांगूही नये असं वाटलं.  एवढ्या उत्साहाने दुसऱ्याच्या डोळ्यांनी आपली मुलगी गोळा करत फिरणाऱ्या माणसाला मी काय सांगणार होते?

सुट्टी लागली, ताई आणि छोटी आल्या. ताईचा उजवा हात अजून जपून चालत होता. छोटीला पाण्यात खेळायचं होतं, आणि घराजवळ पाणी म्हणजे एकच जागा, जुन्या तलावावरचं स्प्लॅश पॅड. संध्याकाळी आम्ही सगळे गेलो. मामी घरून चादर घेऊन आली होती, ती अंथरून आम्ही कडेला बसलो. जुन्या कुंपणाची भिंत पालिकेने पाडली नव्हती. तिकिटाची खिडकी विटांनी बुजवली होती, पण तिची चौकट दिसत होती. ताईने आल्या आल्या सगळीकडे नजर टाकली, "अरे, काहीच नाही राहिलं," म्हणाली आणि टॉवेल मांडीवर घेऊन बसली.

छोटी बादलीखाली चार वेळा भिजून आली आणि मामांच्या पुढ्यात बसली. "आजोबा, आता सांगा. आई कशी पोहायची?"

मामांनी घसा साफ केला. ते महिनाभर याची तयारी करत होते. "तुझी आई ना," त्यांनी सुरुवात केली, "पाय मारायची तर पाणी उडायचंच नाही. नुसती उकळी फुटल्यासारखं व्हायचं. हात लांब. पाण्यात शिरताना बोटं अशी सरळ, सुरीसारखी." छोटीने बोटं सरळ केली. ताईने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की मला बघवेना. खरंच बघितलं होतं का यांनी, असं तिला त्या क्षणी वाटलं असावं. मामांना आणखी जोर चढला. "आणि श्वास घ्यायला तोंड काढलं ना, की नेहमी तिकिटाच्या खिडकीकडे बघायची. जातानाही, येतानाही. कोच ओरडायचे, पण हिची मान तिकडेच."

"का? खिडकीत काय होतं?"

"तिकीटबाई होत्या ना. त्या हात हलवायच्या हिला."

"खिडकी कुठे होती?"

"ती काय, ती चौकट दिसते ना भिंतीत? ती. हे सगळं पाणी, असं. आणि इथे काठ. आणि काठावर, खिडकीच्या बरोबर पुढे, माझी..." मामांचा हात हवेत तसाच राहिला. तो खाली यायलाच तयार नव्हता. मी मामीकडे बघितलं. तिला काय चाललंय ते कळेना, ती पिशवीत बिस्किटं शोधत होती.

"तुमची काय?" छोटी म्हणाली.

"खुर्ची," मामा म्हणाले.

"म्हणजे आई तुमच्याकडे बघायची!" छोटीला हे फारच आवडलं. "मग तुम्ही पण हात हलवायचात?"

हो म्हणायला काय लागत होतं? पोरीने लगेच मानलं असतं, ताईनेही तिच्यासमोर खोडून काढलं नसतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा हो, मामा, एवढं एकदा म्हणून टाका. मामांनी हात खाली घेतला. "नाही गं," ते म्हणाले. "मी बघितलंच नाही. हे सगळं मी लोकांना विचारून आलो. तुझी आई कशी पोहायची, ते मला माहीत नाही."  एवढा मोठा माणूस, पण त्याला कुठे बघावं ते कळत नव्हतं.

छोटी गोंधळली. मामीने तिच्या हातात बिस्किट दिलं आणि तिला कारंज्यांकडे पिटाळलं.

ताई टॉवेलची घडी घालत होती. एका हाताने ती नीट बसत नव्हती. "मला माहीत आहे, बाबा," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्ही बघत नव्हतात ते."

"कधी कळलं तुला?" मामांनी विचारलं. बहुतेक त्यांना वाटलं असेल, आत्ता, किंवा फार तर तो नियम लावला त्या दिवशी.

"दर श्वासाला," ताई म्हणाली.

ती रागाने बोलली नाही. तिने टॉवेलची घडी मोडून पुन्हा घालायला घेतली.